कलिंगडाचा उतारा

पणदऱ्याच्या गेणबाची सगळी हयात उतारा या एका शब्दावर गेली होती. शंभर किलो ऊस गाळला की साखर किती किलो निघते, तो उतारा. कारखान्याच्या सभेत बाकीचे सभासद चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसत, तर हा उताऱ्याचा आकडा कधी वाचतात आणि तो किती टन उसावर निघालाय याकडे. अकरा ऐकलं की मान डोलवायचा, साडेअकरा ऐकलं की शेजाऱ्याच्या पाठीत थाप घालायचा. त्यामुळे साठी उलटल्यावर डॉक्टरांनी "आबा, साखर वाढलीय" असं सांगितलं, तेव्हा क्षणभर त्याला बरंच वाटलं होतं.

मग गोळ्या आल्या, पथ्य आलं, आणि एका शनिवारी तो तक्ता आला. गेणबाचा मुलगा रविराज इंदापूरजवळ लोणी देवकरला कंपनीत होता. राहायचा तिकडेच, शनिवारी घरी यायचा. कंपनीच्या आरोग्य शिबिरात वाटलेला रंगीत कागद त्याने प्लास्टिकमध्ये घालून आणला. वर लिहिलं होतं 'ग्लायसेमिक इंडेक्स'. कुठला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो, त्याचा आकडा. ग्लुकोजला शंभर धरायचे आणि बाकीच्यांना त्या मानाने. पंचावन्नपर्यंत हिरवा रंग, सत्तरपासून वर लाल, मधले पिवळे.

"म्हंजे उताराच की," गेणबा म्हणाला, आणि तक्ता फ्रिजवर चिकटवून टाकला.

त्या दिवसापासून गेणबाच्या बायकोचं, जयवंताचं, स्वतःच्याच स्वयंपाकघरात काही चालेनासं झालं. ताट पुढं आलं की हा आधी चष्मा लावून फ्रिजपाशी जायचा. भाकरी पिवळ्यात निघाली म्हणून एकीवर आली. भात लाल, म्हणून बंद. आइस्क्रीम मात्र एक्कावन्न, चक्क हिरवं. बटाट्याचे वेफर चोपन्न, तेही हिरवे. गेणबाने बारामतीहून आइस्क्रीमचा मोठा डबा आणला आणि रोज दुपारी वाटी भरून, अगदी पथ्य पाळल्याच्या गंभीर चेहऱ्याने तो खाऊ लागला.

"अवो, साखर तुमाला हाय का त्या कागदाला?" जयवंताने विचारलं.

"आकडा बघ की. एक्कावन्न हाय."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाशी आकड्यावरून वाद घालायचा नाही एवढं ती शिकली होती. ती एक वाटी स्वतःलाही घेऊ लागली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मार्च उजाडला आणि फुलाबाईचं कलिंगड आलं.

फुलाबाई ही गेणबाची धाकटी बहीण. इंदापूरच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी तिची जमीन होती, आणि दरसाल ती कलिंगडं लावायची. फळ मुठीएवढं झालं की त्यातलं एक निवडून बाभळीच्या काट्याने त्याच्यावर ती 'गेणू' असं कोरायची. फळ वाढेल तसं नाव वाढायचं. तोडणी होईपर्यंत अक्षरं बोटाएवढी जाड व्हायची आणि भरून आलेल्या जखमेसारखी वर यायची. पहिल्या तोडणीला ते फळ पणदऱ्याला यायचं, अलीकडे रविराजच्या हाती. लग्न होऊन ती सासरी गेली तेव्हापासूनचा हा नेम होता, आणि गेणबाचं 'गेणू' हे लहानपणचं नाव जपणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

यंदाही फळ आलं. गेणबाने त्याच्यावरून हात फिरवला, मग चष्मा लावून फ्रिजपाशी गेला. कलिंगड, शहात्तर. लालभडक.

"ह्ये परत घिऊन जा," तो रविराजला म्हणाला. "आत्याला म्हणावं, दादाला चालत न्हाय. साखरंपरास वरचा आकडा हाय ह्येचा. तक्त्यात साखर पासष्ट, ह्ये शहात्तर."

"निदान ठिवून तर घ्या," जयवंता म्हणाली.

"घरात ठिवलं की खावंसं वाटतं." त्याला वाटलं, आपण फार निग्रहाचं काम केलं.

सोमवारी फळ आपल्या नावानिशी इंदापूरला परत गेलं. दर गुरुवारी संध्याकाळी फुलाबाईचा फोन यायचा, तो त्या गुरुवारी आला नाही. पुढच्याही आला नाही. गेणबाने फोन लावला तर भाच्याने उचलला, आई रानात आहे म्हणाला. तिसऱ्या गुरुवारी गेणबा फोन मांडीवर ठेवून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिला. बहीण तोडलीस गड्या, असं त्याचं मनच त्याला सांगत होतं. पण चूक कुठं झाली ते कळेना. आकडा तर शहात्तरच होता.

चौथ्या आठवड्यात बारामतीला तपासणी होती. उपाशीपोटीची साखर एकशेचाळीसवरून एकशेअडुसष्टवर गेली होती आणि वजन तीन किलोने वाढलं होतं. डॉक्टरांनी त्याला आहारतज्ज्ञ दीप्तीकडे धाडलं. मुलगी तरुण होती आणि तिने आधी सगळं ऐकून घेतलं, म्हणून गेणबाला ती आवडली. आइस्क्रीमच्या डब्याशी मात्र तिचं पेन थांबलं.

"आबा, तक्ता खोटा नाही," ती म्हणाली. "भात खाऊ का डाळ-उसळ वाढवू, हे ठरवायला तो कामाला येतो. पण तो सांगतो फक्त साखर किती भरभर चढते ते. ताटात किती आहे, ते नाही सांगत. आइस्क्रीममध्ये साय असते, म्हणून साखर हळू चढते. म्हणून ती कमी होते का?"

गेणबाने नकारार्थी मान हलवली.

"आणि तो आकडा काढताना प्रत्येक पदार्थातून पन्नास ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ज्याची साखर होते ते, पोटात जातील, एवढं माणसाला खायला देतात. कलिंगडाचा तेवढ्यासाठी साडेसहाशे-सातशे ग्रॅम गर लागतो. बाकी सगळं पाणी. एवढं तुम्ही एका बैठकीला खाता का?"

गेणबा खुर्चीत पुढं सरकला.

"थांबा, बाई," तो म्हणाला. "म्हंजे उतारा बारा हाय, पर ऊस आला दोन मोळ्या. साखरंचं पोतं कुठनं भरंल?"

दीप्तीला उसातलं फारसं कळत नव्हतं, पण हे कळलं. "अगदी तेच. उतारा गुणिले टन."

"आन् आइस्क्रीमचा उतारा कमी, पर मी टनानं गाळलं."

"एक पातळ फोड खाल्लीत, दोन खाल्ल्यात, तर काही होत नाही. जेवणाबरोबर खा आणि दोन तासांनी साखर तपासा. तुमचं शरीर काय म्हणतं तेही बघायला हवं."

चाळीस वर्षं सभेत बसून, निव्वळ उताऱ्यावर नाचणाऱ्यांना 'आधी टन सांगा' म्हणून गप्प करणारा तो. आणि एका प्लास्टिकच्या कागदाने त्यालाच गंडवलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी न जाता तो तडक बारामतीच्या स्टँडवर गेला आणि इंदापूरच्या एसटीत बसला.

फुलाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. भावाला बघून तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

"वेल उपटलं का गं?"

"उपटलं की. कवाच."

गेणबा पाणी प्यायला. एसटीत बसून जुळवलेलं सगळं बोलणं तो विसरला. "फुले, माझं चुकलं," तो म्हणाला. "फळ चांगलं होतं. मीच आर्धा हिशोब केला."

फुलाबाई उठून आत गेली. खाटेखालून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी ओढत तिने बाहेर आणलं. पोतं सोडलं. आत 'गेणू' होतं. हिरवा रंग जरा फिकटला होता, देठ वाळून काडी झाला होता.

"पोरं मागत हुती. म्हणलं, नाव हाय त्येच्यावर, दुसऱ्यानं कसं खावं?"

गेणबाचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

"किती चालंल?" तिने विचारलं.

"दोन फोडी. पातळ. जेवणासंगं."

फुलाबाईने विळी पुढं घेतली, फळ पात्यावर धरलं, आणि एका दमात त्याचे बरोबर दोन भाग केले. दोन्ही भाग तिने भावापुढं ठेवले.

"ह्या घे. दोनच हायती."

गेणबा त्या दोन ढिगांकडे बघत राहिला. इथं टनाचा हिशोब कुणाला सांगायचा? पण फुलाबाईच ओशाळी होऊन हसली आणि विळी त्याच्याकडे सरकवली.

"तूच काप, दादा. तुज्यासाठी कापाया बसले की माजा हात बारीक पडत न्हाय."

त्याने बारीक फोडी केल्या. भाच्याला, पोरांना, शेजारणीला दिल्या, दोन आपल्या ताटापुरत्या बाजूला ठेवल्या, आणि नाव कोरलेल्या सालीची फोड बहिणीच्या हातात दिली.

"कसं हाय?" त्याने विचारलं.

तिने चावून बघितलं. "मधी मऊ पडलंय. महिना झाला की."

"पुढल्या साली लगीच येतो," गेणबा म्हणाला. "रविराजच्या हाती धाडू नगंस."