कान्यशायची राखाडी घोडी

मी कान्यशायची राखाडी गाडी बोलतेय, आणि माझ्या चारही चाकांची शपथ घेऊन सांगते, पुढे जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. चार म्हणजे, मागचं डावं चाक सध्या काढून ठेवलंय. तेव्हा तीन चाकांची शपथ. वय विचाराल तर चाळीस. बरं, पस्तीस. कागदावर सदतीस आहे, पण कागदाचं काय एवढं!

माझा जन्म एका मोठ्या नदीकाठच्या कारखान्यात झाला. मला नाक नाही, कंबर नाही. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लांबट पावासारखी मी दिसते, आणि लोक मला 'पाव' म्हणूनच हाक मारतात. माझं इंजिन मात्र भल्याभल्यांसारखं पुढे बाहेर नाही. ते आत आहे, चालक आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, झाकणाखाली. माझं काळीज कुठे आहे ते माझ्या शेजारी बसणाऱ्याला लगेच कळतं. मांडी भाजते.

पहिली नोकरी अकबुलाक गावच्या कोळसा खाणीच्या दवाखान्यात. तिथे माझ्यात चौदा बाळं जन्मली. बरं, तीन. त्यातलं एक करडू होतं, पण सगळ्यांत जोरात रडलं ते तेच. पुढे खाण बंद पडली, डॉक्टर निघून गेले आणि मी दवाखान्यामागे उभी राहिले. आठ वर्षं माझ्यात कोंबड्या राहिल्या. कोंबड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या निदान दार आपटत नाहीत.

खाण गेली आणि गावाकडे राहिला फक्त बर्फ. तो कुणाला हवा असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण कान्यशाय नावाची एक मुलगी होती, सायरागुलची. ती लहानपणी बापाने फळ्यांच्या करून दिलेल्या स्कीवर शाळेत जायची. बाप गेला, फळ्या राहिल्या. मोठी झाल्यावर तिने रीतसर शिक्षण घेतलं, वाटाड्याची परीक्षा दिली आणि घराच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवायचं ठरवलं.

आईला हे पटेना. "बर्फ मळून नान भाजता आलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते," सायरागुल म्हणायची. शेवटी मायलेकींचा करार झाला. फेब्रुवारीत अल्माटीहून सहा पाहुणे यायचे होते, अगदी पहिले. पुढच्या हिवाळ्यात परत येतो म्हणाले, तर कान्यशायने गावात राहायचं. नाही म्हणाले, तर वसंतात राजधानीत, मावसबहिणीच्या शिवणकारखान्यात.

आता पाहुण्यांना डोंगरात वर न्यायचं तर गाडी हवी. म्हणून एका रविवारी तिघं काराकोलच्या गुरांच्या बाजारात आली: कान्यशाय, सायरागुल आणि तिचा भाऊ एशिमबेक. मेंढ्या संपतात तिथे गाड्यांची रांग सुरू होते. एका दलालाने मला तिथे आणून उभं केलं होतं, पिसांसकट. माझ्या शेजारी एक काळी कुळकुळीत जीप. तिची आसनंसुद्धा गरम व्हायची.

"ही काळी बरी दिसते," सायरागुल म्हणाली.

कान्यशायने बरोबर आणलेली स्की जीपमध्ये घालून पाहिली. टोक थेट चालकाच्या कानाशी आलं.

"छपरावर बांधा की, ताई," जीपवाला म्हणाला.

"छपरावर बुटांच्या पकडी गोठतात. मग पाहुण्यांनी काय अर्धा तास फुंकर मारत बसायचं?"

"आणि ह्यात मेंढी बसेल का?" सायरागुलने विचारलं.

"अहो ताई, ही गाडी माणसांसाठी आहे!"

"मग तू कसा काय बसून आलास?"

आता एशिमबेक मामा पुढे झाला. त्याने जन्मात गाडी चालवली नव्हती, पण घोडे शेकड्यांनी पारखले होते. दुसरी पद्धत त्याला ठाऊकच नव्हती. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, मग माझ्याभोवती. माझ्या बरगडीवर थाप मारली. वाकून दात पाहिले. मागे जाऊन माझा धूर हुंगला आणि म्हणाला, "श्वास जड आहे, पण खोटा नाही." मग एकदम माझ्या कानाशी येऊन "हुर्र्र!" करून ओरडला. मेंढ्या पळाल्या. जीपचा भोंगा आपोआप केकाटायला लागला आणि थांबेचना. मी हललेसुद्धा नाही.

"बघ पोरी," मामा म्हणाला. "ती काळी उभी असतानाही पळायच्या बेतात असते. ही मात्र उभी राहते. हिच्या पाठीवर लेकरंबाळं बसव खुशाल."

"मामा, ही गाडी आहे. घोडी नाही."

"ते तुझं मत."

तोवर कान्यशाय माझ्यात चढली होती. स्की जमिनीवर सरळ आडव्या झाल्या, वर आणखी आठ जोड्या मावतील इतकी जागा. तिने इंजिनाच्या झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि आतूनच ओरडली, "आई! इथे हातमोजे वाळतील!"

झालं. मी त्या घरची झाले.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. कान्यशायने कोंबड्यांच्या खुणा खरवडल्या, भिंतींना आतून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड तुकडे ठोकले, बाकं बसवली, मागच्या कोपऱ्यात लाकडं जाळायची छोटी शेगडी लावली आणि तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलं. सायरागुलने आर्चा या डोंगरी झाडाच्या सुवासिक डहाळ्या पेटवून माझ्यात धूर फिरवला, दृष्ट लागू नये म्हणून. मला ठसका लागला. मामाने तळवे उघडून दुआ मागितली आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. ती कोंबड्यांची गाडी आता आमंत्रण द्यावं अशी झाली होती. लाकडाचा वास, लोकरीची ऊब, झाकणावर गरम होणारे बुर्साक. तळलेले ते पिठाचे गोळे माझ्या काळजावर ठेवले की पुन्हा ताजे होतात. जीपला हे जमेल का, सांगा.

एक खोट मात्र होती. माझ्या पोटातलं, इंजिन गार ठेवणारं पाणी थोडं झिरपायचं, म्हणून त्यात थंडीचं औषध न घालता साधं पाणीच भरत. थांबले तर मला अधूनमधून सुरू करावं लागे, नाहीतर पाणी गोठून पोट फुटायचं.

पाहुणे आले. त्यांची म्होरकी होती गुलबर्शिन, दातांची डॉक्टर, साठीची बाई, आवाज एखाद्या कर्नलचा. पहिल्याच सकाळी सगळ्यांना घेऊन मी गावापासून नऊ किलोमीटर वर चढले. चढ असा की ढगांनी मला वाट दिली. बरं, ढग नव्हते. पण असते तर दिली असती.

वर पोचल्यावर पाहुण्यांनी स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या, त्या असल्या की चढताना पाय मागे घसरत नाही. कान्यशाय मामाला म्हणाली, "तीन तासांत येतो. दर अर्ध्या तासाने हिला सुरू कर आणि पाच मिनिटं चालू ठेव. किल्ली फिरवायची, बस्स."

"आता तू मला शिकवणार?" मामा म्हणाला.

ते सगळे रांगेने वर गेले. मामा खाली उतरून माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, पोटाखालून थेंब टपकत होते. मेंढपाळाचं मन ते, पाघळलं. दौडून आलेल्या घोड्याला आमच्याकडे लगेच पाणी पाजत नाहीत, खायला घालत नाहीत. निवांत निथळू देतात. मामा माझ्याखाली आडवा झाला, पोटाचं बूच पिळून काढलं आणि सगळं पाणी बर्फात सोडून दिलं. मग स्वतःच्या अंगातला जाड कोट काढून माझ्या तोंडावर पांघरला. "आता बरं वाटेल तुला," असं म्हणून आत शेगडीपाशी जाऊन बसला.

इतक्या मायेने मला आजवर कुणी बिघडवलं नव्हतं.

सगळे परतले ते गाल लाल करून, आरडाओरडा करत. कान्यशायने पुढचं दार उघडलं आणि थबकली.

"मामा, हिच्यावर कोट का?"

"थंडी बाधू नये म्हणून."

"सुरू केली होतीस ना?"

"दमलेल्या जनावराला कशाला छळायचं? पाणीसुद्धा काढून टाकलं मी."

"काढून... म्हणजे?"

"घामाघूम झाली होती गं! घामाघूम घोडीच्या पोटात गार पाणी ठेवतात का कुणी?"

"आणि बूच?"

मामाने आजूबाजूच्या हातभर बर्फाकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग स्वतःच्या बुटांकडे.

कान्यशाय पायरीवर बसली आणि हातमोजा डोळ्यांवर दाबून धरला. मला माहीत होतं तिला काय दिसत होतं: शिवणयंत्रांच्या रांगा, आणि खिडकीबाहेर बर्फ नसलेलं शहर. सहा पाहुणे पहिल्याच दिवशी डोंगरावर अडकलेले. असे पाहुणे परत येतात होय?

तेवढ्यात गुलबर्शिनचा आवाज आला. "बुर्साक उरलेत का?"

"डॉक्टरबाई, आता खायची वेळ आहे का?" मामा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला नंतर बघते, दातासकट." तिने दोन बुर्साक चुरले, मेंढीच्या चरबीत मळले, माझ्याखाली आडवी झाली आणि दाढ भरावी तसं ते छिद्र भरलं. गार वाऱ्यात गोळा दगडासारखा झाला. बाहेर येऊन तिने माझ्या तोंडावर थोपटलं आणि सवयीने म्हणाली, "एक तास काही चावायचं नाही."

मग शेगडीवर बर्फ वितळवला. तो पुरेना, तेव्हा किटलीतला चहा ओतला, थर्मासमधलाही ओतला, साखरेसकट. दूध कुणी घातलं ते मला माहीत आहे, पण नाव घेणार नाही. मामाने लोखंडी दांडा घालून माझं इंजिन फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी अशी गरजले की समोरच्या कड्यावरचा बर्फ उठून उभा राहिला! गावात शिरले तेव्हा चहाच्या वासाने सगळी कुत्री माझ्यामागे, आणि गुलबर्शिन फाटकापाशी सायरागुलला ओरडून सांगतेय, "पुढच्या वर्षी आम्ही बारा जण!"

कान्यशाय गावातच राहिली. त्याला आता सहा हिवाळे झाले. घराच्या खोल्या दोनाच्या पाच झाल्या. मी अजूनही वर जाते, आठवड्यातून दोनदा, चाक जागेवर असलं तर. मागचं एक दार नाही. तिथे नमद्याचा पडदा आहे. सायरागुल म्हणते, हिच्यात पुन्हा कोंबड्या ठेवू. कान्यशाय म्हणते, आधी मला ठेव.

बर्फावर जगायचं असेल आणि गाडी निवडायची असेल, तर माझी तुम्हाला एवढीच विनवणी. ती किती पळते ते कोणीही सांगेल. ती बंद पडल्यावर तिच्यात बसून राहायला आवडेल का, ते आधी पाहा.

आता जाता जाता एक कबुली. मी सुरू झाले नाही.

छिद्र भरलं ते खरं, चहा ओतला तोही खरा. पण पहिल्याच घोटाला ती दाढ निसटली आणि सगळा चहा वाफाळत बर्फात गेला. मग सगळे माझ्यात दाटीवाटीने बसले, उरलेले बुर्साक खाल्ले, मोजे वाळवले, आणि सूर्य कड्याला टेकल्यावर कान्यशायने सगळ्यांना स्कीवरून गावाकडे उतरवलं. राहिला मामा. त्याने जन्मात स्की पायात घातल्या नव्हत्या. तेव्हा कान्यशायने माझं मागचं दार बिजागरीतून उचकटलं, त्यावर मामाला बसवलं आणि मागे दोर धरून त्याला नऊ किलोमीटर घसरवत नेलं. मामा दाराच्या कडा धरून "हुर्र्र!" ओरडत होता. डॉक्टरबाई हसून हसून दोनदा पडल्या. बारा जणांचं बोलणं फाटकापाशीच झालं, पण पुरं वाक्य असं होतं: "पुढच्या वर्षी आम्ही बारा जण, पण दारं पुरतील ना?"

मी काही तिथे नव्हते. मी वर एकटीच होते, मामाच्या कोटात. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन घोड्यांनी मला ओढत आणलं, तेव्हा कान्यशाय माझ्यात बसली, थंड झाकणावर गाल टेकला आणि हे सगळं मला सांगितलं. म्हातारी असले तरी गाडी आहे मी. सुरू झाले नाही हे सांगायची लाज वाटते. म्हणून तेवढंच खोटं सांगितलं.

आणि ते ढगांचं.