मंगळवेढा गाडीची डबल बेल

माझं माहेर मंगळवेढ्याचं आणि नवरा मंगळवेढा गाडीचा ड्रायव्हर. बायका म्हणायच्या, "वच्छलाबाई, तुमचं बरं हाय की, मनात आलं की माहेर!" त्यांना काय सांगणार? अख्ख्या नोकरीत ह्यांनी मला एकदाही आपल्या गाडीत बसवलं नाही. "माझ्या गाडीत घरचं माणूस पॅसेंजर म्हणून बसणार न्हाय," हा ह्यांचा नियम. का, ते कधी सांगितलं नाही. मी पोरांना घेऊन मागच्या गाडीनं जायची. मंगळवेढ्याच्या स्टँडवर हे भेटायचे, चहा पाजायचे आणि परतीची गाडी घेऊन निघून जायचे. माझी वहिनी विचारायची, "दाजींचं आणि तुमचं भांडान हाय का वो?"

मग हे रिटायर झाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं, लायसन कपाटात गेलं. माझं ते एक मागणं तसंच राहिलं.

आमची नात प्रियदर्शनी कॉम्प्युटरच्या कॉलेजात आहे. तिनं जुन्या बाजारातले भाग जोडून स्वतःचा कॉम्प्युटर केला आणि त्यात लिनक्स घातलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम. त्यावर बस चालवायचा एक खेळ आहे. त्या खेळात म्हणे आपल्याला हवा तो रस्ता बनवून घालता येतो. तर हिनं सोलापूर ते मंगळवेढा रस्ता बनवायला घेतला. आजचा चौपदरी नव्हे, आबांचा, म्हणजे ह्यांचा जुना, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं खाली उतरायचं, तो. रोज संध्याकाळी ह्यांना समोर बसवून विचारायची.

"आबा, कामतीच्या पुढे डावीकडे काय होतं?"

"लिंब. मग हीर. मग परत लिंब. आन बेगमपूरच्या अलीकडं मेंढरं आडवी यायची, ती घातलीस का?"

"घातली. हॉर्न दिला की लगेच बाजूला होतात."

"मग ती मेंढरं न्हाईत."

तिनं निमूटपणे मेंढरं दुरुस्त केली.

रस्ता पुरा झाला. रविवारी दुपारी पहिली फेरी निघायची ठरली. ह्यांचे जुने कंडक्टर अजिनाथ भावजी यांना आवतण गेलं. प्रियदर्शनीनं खेळासाठी टेबलाला स्टिअरिंग आवळलं होतं, खाली क्लच-ब्रेक मांडले होते; ह्यांनी त्या स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, लिंबूमिरची बांधली, ट्रंकेतला खाकी शर्ट काढून स्वतः इस्त्री केला. मीही ठेवणीतलं इरकल नेसून तयार झाले.

"तू कुटं निघालीस?" हे म्हणाले.

"मंगळवेढ्याला. तुमच्या गाडीनं."

"नियम ठावं हाय न्हवं?"

"अवो, खेळातली गाडी हाय ती!"

"गाडी ती गाडी."

 मी खुर्ची आणून ह्यांच्या खुर्चीच्या मागं मांडून ठेवली. आज बसायचंच, असं मी ठरवलं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी प्रियदर्शनीनं सकाळी कॉम्प्युटरचं काहीतरी नवं करून घेतलं. अपडेट का काय ते. पडदा काळा तो काळाच. कोपऱ्यात एक बारीक रेघ तेवढी लुकलुकत होती. ती दात ओठ खात फोनवर तिच्या मैत्रिणीशी, काव्याशी, बोलायला लागली. हे ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"अगं, ड्रायव्हरचाच घोळ आहे! जुन्या ड्रायव्हरला काढून टाकलं त्यांनी. म्हातारा झाला म्हणे, आता त्याला सपोर्ट नाही... नवा आणला, पण नव्याला हे झेपत नाही... हो, जुना आता कायमचा बंद!"

मी चहा घेऊन बाहेर आले तर ह्यांच्या शर्टाची बटणं निघत होती.

"काय झालं?"

"काय न्हाय. स्टँडवर चाललो. ज्याला काढलाय त्यानं हितं बसून काय करायचं?" बनियनवरच, पायात चप्पल सरकवून चालू पडले. स्टँड आमच्या सोलापुरातल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रागावले की हे तिथंच जातात.

मी आत जाऊन नातीचा कान धरला. "काय गं भवाने, आबाला म्हातारा म्हणतीस? नवा ड्रायव्हर आणलास? कोण हाय त्यो?"

तिचं तोंड उघडंच राहिलं. मग जे हसायला लागली, ते थांबेचना. जमिनीवर बसली, पोट धरलं, आडवी झाली. शेवटी डोळे पुसत तिनं मला सांगितलं. पडद्यावर चित्र काढायला कॉम्प्युटरात एक कार्ड असतं. त्या कार्डाला हुकूम समजावून सांगणारा जो मधला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तिचं कार्ड जुनं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी जुन्या कार्डांकडे बघणं सोडून दिलं.

"म्हणजे आपल्या आबाला कुणी काढला न्हाय?"

"आजी, आबांना काढून मी जाणार कुठे?"

आता मला हसू फुटलं. इरकलाच्या पदरात तोंड घालून मी इतकी हसले की उचकी लागली.

"मग आता गं? भावजी येतील की."

"आणखी एक ड्रायव्हर आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरातले लोक मिळून लिहितात. कुणी चार ओळी, कुणी चारशे. कुणाकडे जुनं कार्ड पडून असतं, तो त्याच्यासाठी खपतो. आणि ते सगळ्यांना फुकट."

"इर्जिक म्हण की!"

"काय?"

"आमच्या लहानपणी एकाचं रान नांगरायचं ऱ्हायलं की सगळा गाव आपापली बैलं घेऊन यायचा. मजुरी न्हाय. फकस्त जेवायला घालायचं."

"हां, तेच ते! फक्त जेवण नसतं," ती म्हणाली आणि खटाखटा बटणं बडवायला लागली.

मी स्टँडवर गेले. हे आणि अजिनाथ भावजी फलाटावरच्या बाकड्यावर बसलेले. भावजी आमच्याचकडे निघाले होते, वाटेत ह्यांनी धरून ठेवलेले. मला बघून म्हणाले, "वैनी, ह्या जोत्याला नातीनं कामावरनं काढला म्हनं?"

"भावजी, त्यो ड्रायव्हर येगळा. कार्डातला."

"कार्डात कुटं ड्रायव्हर असतो?" हे फुरंगटून म्हणाले.

"असतो. तुमच्यासारकाच. हुकूम कळतो, पर म्हातारा झाला की कुणी विचारत न्हाय. पर पोरीनं दुसरा आणलाय. त्यो जुन्या गाडीला न्हाय म्हणत न्हाय."

ह्यांनी मान फलाटावरच्या गाड्यांकडे वळवली. मग विचारलं, "त्यो कुठल्या डेपोचा?"

"डेपो न्हाय. इर्जिक हाय."

भावजी उठले. "चल रं जोत्या. इर्जिकीला न्हाय म्हणू नये."

घरी आलो तर पडदा उजळलेला होता. सोलापूरचा जुना स्टँड, फलाट, पाण्याची टाकी. पण गाडी निळी! लाल डबा पार निळा आणि आभाळ तांबडं. हे दारातच थबकले.

"ही काय कर्नाटकातली, विजापूरची गाडी हाय व्हय?"

"थांबा आबा, रंगांची अदलाबदल झालीय." प्रियदर्शनीनं काहीतरी टाईप केलं. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि आमचा लाल डबा, दगडावर घासलेल्या तांब्यासारखा, उन्हात उभा राहिला. भावजींनी टाळी वाजवली. ह्यांनी खाकी शर्ट चढवला, बटणं लावली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि बसले. इंजिन धडधडायला लागलं.

मी माझ्या खुर्चीकडे निघाले.

"वच्छला." ह्यांनी मागं न बघताच ओळखलं. "पॅसेंजर न्हाय."

मी उभीच राहिले. अंगावर इरकल, आणि खुर्ची चार पावलांवर. भावजी खाली बघायला लागले. नात म्हणाली, "आबा, असं काय करता?" पण हे हलले नाहीत. आणि गाडीही हलली नाही. इंजिन चालू, पाय क्लचवर, आणि हे नुसते बसून.

"आबा, निघा ना. गिअर टाका."

"बेल कुटं हाय?"

"कसली बेल?"

"डबल बेल! बेल झाल्याबिगर गाडी स्टँडातनं निघत न्हाय."

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. लिंब घातले होते, विहीर घातली होती, हट्टी मेंढरं घातली होती. बेल राहिली होती.

भावजी म्हणाले, "माझी बेल गाडीतल्या दोरीला असायची, ती गाडीबरोबरच गेली. तोंडानं वाजवू का?"

"न्हाय चालत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवघरात गेले, घंटा उचलली आणि येऊन सरळ त्या खुर्चीत बसले.

"आगं, तुला सांगितलं न्हवं, पॅसेंजर..."

"पॅसेंजर कोण हाय हितं? मी कंडक्टर हाय!" आणि मी घंटा वाजवली. टण टण!

भावजी एवढ्यानं ओरडले की शेजारची गोजरबाई खिडकीत आली. हे तोंड वळवून माझ्याकडे बघतच राहिले. नियमात कंडक्टरबद्दल काही नव्हतं. काय करतात? गिअर टाकला.

गाडी निघाली! तिऱ्हे आलं, सीनेचा पूल आला. मी हाका मारत होते, "चला, कामती, कामती!" भावजी मागच्या सीटवर असल्यासारखे डुलत होते. तीच वळणं, तेच लिंब, तीच हीर, आणि पुन्हा लिंब. सगळं इतकं खरं की वळणावर मी खुर्चीतच कलंडले. बेगमपूरच्या अलीकडे मेंढरं आली आणि ठाण मांडून बसली. हे हॉर्न देऊन देऊन आनंदानं शिव्या घालत होते. मेंढरं गेली, भीमा ओलांडली, माचणूरच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी लागली, आणि मला लांबवर माझं गाव दिसायला लागलं.

मी हसत होते का रडत होते कोण जाणे. म्हणाले, "अवो, आलं!"

ह्यांनी आरशात बघितलं. आरसा खेळातला, त्यात मी कुठली दिसायला? म्हणून मान वळवून पाठीमागं बघितलं. माझ्याकडे. चांगलं डोळे भरून बघितलं.

धडाड!

लाल डबा रस्ता सोडून ज्वारीत. काचेवर कणसंच कणसं.

"आबा!" नात किंचाळली. भावजी हसून हसून खाली लोळत होते.

हे स्टिअरिंग धरून तसेच बसले. कान लाल झालेले. मग पुटपुटले, "बघ. म्हणून बसवत न्हवतो. तू मागं असलीस की नजर रस्त्यावर ऱ्हात न्हाय."

एवढ्या वर्षांचा नियम, आणि कारण हे!   मी पदर सावरला, नीट बसले आणि घंटा उचलली.

"मागं घ्या गाडी," मी म्हणाले. "आन म्होरं बघा."

टण टण.