दोन हंड्यांचा उशीर

मित्रांनो, लोक मला घंटा म्हणतात आणि मीही म्हणवून घेतो. खरं तर मी रेल्वेच्या जुन्या रुळाचा एक तुकडा आहे. लोहाराने मला एका टोकाला भोक पाडलं, राखणदारांनी साखळीने तळ्याकाठच्या झाडाला टांगलं, आणि जन्मभर गाड्यांचं ओझं वाहिलेल्या मला एकदम मान मिळाला.

हे राखणदार गावातलेच. उन्हाळ्यात बाकीचे पाणवठे आटतात, मग या एकाच तळ्यावर गावालाही यावं लागतं आणि हत्तींनाही. समोरासमोर आले की कुणाचा तरी जीव जायचा. म्हणून राखणदारांनी पाळ्या लावल्या. उन्हं कलेपर्यंत माणसांनी पाणी भरायचं. मग माझ्यावर हातोडीचे टोले पडले की माणसांनी उठायचं आणि तळं जनावरांसाठी मोकळं करायचं.

माणसांना ही शिस्त लावताना राखणदारांच्या नाकी नऊ आले. हत्ती मात्र पहिल्याच उन्हाळ्यात शिकले. ते झुडपांआड थांबत आणि टोले ऐकल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसत. तेव्हापासून कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. येणारे-जाणारे माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

यंदा ऊन फार होतं. त्या दिवशी टोले देण्याचं काम ताईकडे होतं. ताई म्हणजे राखणदारांमधली सगळ्यात कडक. भल्याभल्यांना तळ्यावरून उठवणारी. तिने हातोडी उचलली, तेवढ्यात खालून तिच्या सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, थांब जरा! दोनच हंडे राहिलेत."

"आई, वेळ झाली."

"आता घरच्या माणसालाही नियम दाखवणार का? चार बायका बघतायत."

ताईने हातोडी खाली ठेवली. सासूबाईंचे हंडे भरले, तशी शेजारीण म्हणाली, "मग आम्हीच काय घोडं मारलंय?" आता तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? बघता बघता सावल्या लांबल्या.

झुडपांआड कळप उभा होता. त्यात एक अगदी लहान पिल्लू होतं, लांबून चालून दमलेलं. ते आधी आईच्या पोटाखाली बसलं, मग आडवं झालं. हत्तीण सोंडेने त्याला उठवत राहिली. पाणी समोर दिसत होतं, तरी एकही हत्ती पुढे आला नाही. माझा आवाज झाला नव्हता ना! मी नुसता लोंबकळत राहिलो.

अखेर टोले पडले. कळप पाण्यावर आला, ती हत्तीण आली नाही.

सकाळी राखणदारांनी पिल्लाला माती दिली. ताई मान वर करत नव्हती. सासूबाई ते दोन हंडे भरलेलेच परत घेऊन आल्या. घरात कुणाच्या घशाखाली ते पाणी उतरलं नव्हतं. त्यांनी हंडे तळ्यात रिकामे केले आणि सुनेला म्हणाल्या, "यापुढे हातोडी उचललीस की माझ्याकडे बघूसुद्धा नकोस."

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. गंज चढला तरी माझी तक्रार नाही. फक्त आपली पाळी संपली की उठा. कळप अजून रोज येतो. ती हत्तीणही येते, झुडपांआड थांबते आणि माझे टोले पडण्याची वाट पाहते. ती आजही माझं ऐकते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.