पडद्यावरचे लिंबाजी मास्तर

माणूस बायकोवर रुसतो, सुनेवर रुसतो, कालवणात मीठ कमी पडलं तर अख्ख्या घरादारावर रुसतो. पण लिंबाजी मास्तर स्वतःवरच रुसून बसले होते, आणि असल्या रुसव्यावर औषध कुठल्या दवाखान्यात मिळतं ते त्यांच्या बायकोला, तारामतीला ठाऊक नव्हतं.

"घरात नातीचं लगीन, आन ह्यांचं तोंड बगा! मयताला आल्यावानी," ती मांडवातल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

मास्तर ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. ऐकलं सगळं, हलले तसूभर नाहीत.

झालं होतं ते असं. एके काळी सास्तूर गावात मास्तरांच्या बँडाबिगर अक्षता पडत नसत. मास्तर क्लॅरिनेट फुंकायचे, शिवप्पा मोठा ढोल बडवायचा. मग मास्तरांचे दात गेले, कवळीवर क्लॅरिनेट ठरेना. शिवप्पाचे गुडघे गेले. बँड बसला. तेव्हा मुलगा धनाजी म्हणाला, म्हातारे थकले म्हणून बँडानं कशाला थकावं? त्यानं दोघांना पुण्याला नेलं. तिथल्या पोरांनी म्हाताऱ्यांना अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले, त्यावर चमकणारे ठिपके डकवले आणि जुन्या कॅसेटी लावून त्यांची हालचाल न् हालचाल संगणकात उतरवून घेतली. वरून जुन्या फोटोंतले तिशीतले चेहरे चढवले. झाला बँड तयार! टेम्पोवर मोठा पडदा, पडद्यावर लाल कोटातले मास्तर, शिवप्पा आणि मागं बाकीचा ताफा.

परवा धनाजीनं दारात त्याचं एक गाणं वाजवून दाखवलं. गल्ली लोटली. काळ्याभोर मिशांचे मास्तर मान उडवून क्लॅरिनेट फुंकायला लागले, आणि तारामतीनं मीठ-मोहऱ्या घेऊन पडद्याची दृष्ट काढली. एवढ्यावर भागलं असतं. पण दृष्ट काढता काढता ती गालावर पदर ओढून हसली. मास्तरांनी ते बघितलं आणि तिथंच बिनसलं.

"जल्मात माझ्याकडं बगून अशी हसली न्हाईस," ते म्हणाले होते.

"अवो, तुमीच हाय की त्यो!"

"मी न्हाय. त्याला दात हायत."

"सवतीवर जळावं ते बाईमाणसानं. नवऱ्याला नवऱ्याचीच सवत, ह्ये म्या पैल्यांदाच बगते."

हे बोलणं तिला महागात पडलं. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्या परण्याच्या पुढं आपला आज्जा चालावा, एवढं एकच नवऱ्या मुलीनं, नातीनं, करिश्मानं मागितलं होतं. पोरगी हळदीच्या अंगानं ओट्यावर आली, तर मास्तर भिंतीला म्हणाले, "तुज्या बापानं नवा आज्जा आणलाय. त्याला चालीव." करिश्मा तशीच वळली. नाक ओढत आत गेली. तेव्हापासून तारामती सगळा राग आचाऱ्यावर काढत होती.

अशात परण्या निघाला. नव्या गावठाणातले रस्ते ऐसपैस, टेम्पो झोकात चालला. पोरं नाचून घामाघूम झाली. मिरवणूक मास्तरांच्या दारापुढच्या कोपऱ्यावर आली, गाणं संपलं, आणि पडद्यावरच्या मास्तरांनी खाली बसकण मारली. क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. मागं शिवप्पानं ढोल उतरवला.

"चहा आणा रं!" पडद्यावरचे मास्तर म्हणाले, आणि पाठ खाजवत शिवप्पाशी गप्पा हाणायला लागले.

घोडं थांबलं. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून बघत राहिला. व्याही पुढं आले. "काय बिघडलं का काय, धनाजीराव?"

धनाजीनं कपाळावर हात मारून घेतला. बिघडलं काहीच नव्हतं. मास्तरांच्या बँडाचा शिरस्ताच होता: नवरीच्या घराच्या कोपऱ्यावर चहा, चहाबिगर देवळाकडं पाऊल नाही. पुण्याच्या पोरांनी सांगितलं होतं, नेहमी जसं करता तसंच करा. ह्या दोन इमानी जीवांनी तसंच केलं होतं. पोरांनी फोनवर विचारलं होतं, मधलं ठेवायचं का? आणि धनाजी रुबाबात म्हणाला होता, आमच्या वडलांचं काय बी कापायचं न्हाय.

"आरं मग पुढं सरकीव की!" तारामती ओरडली.

"सरकंना गं आई. बंद केलं तर पैल्यापासनं चालू हुतंय."

"मग ह्ये उठणार कवा?"

"चहा पिऊन झाला की."

"त्येंचा चहा तिकडं पुण्यातच पिऊन झालाय की रं!"

हशा उसळला. व्याही मात्र हसले नाहीत. ते आभाळाकडं बघून मुहूर्ताचं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात ओट्यावरची बाज करकरली. मास्तर उठले होते. अनवाणीच रस्त्यात आले, कमरेवर हात ठेवून पडद्यापुढं उभे राहिले.

"ए लिंब्या! परण्या खोळंबलाय, आन तू ढांगा पसरून बसलास व्हय? लाज न्हाय वाटत?"

पडद्यावरच्यानं आरामात मिशीला पीळ दिला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले.

"आबा, करतो बंद," धनाजी म्हणाला.

"खबरदार! वाजवणारा चहाला बसला की त्याला उठवायचं नसतं. तवर हलगी चालती. रस्ता मुका ठेवायचा न्हाय, समजलं?"

त्यांनी ओट्यावरच्या भिंतीला टांगलेली जुनी हलगी काढली. कातडं सैल पडलेलं. मास्तर थेट आचाऱ्याच्या भट्टीवर गेले. तिथं तारामतीनं अख्ख्या परण्यासाठी चहाचं आधण चढवलं होतं. त्याच जाळावर त्यांनी हलगी धरली.

"अवो, आधण उलथंल माजं!"

"उलथू दे. शेकल्याबिगर हिचा गळा उघडत न्हाय."

ती पातेलं धरून उभी राहिली, ते हलगी फिरवत राहिले. बोटानं टिचकी मारून बघितलं. कातडं ठणकलं. आणि मग रस्त्यात हलगीवर जी काडी पडली, ती अशी पडली की काठी टेकत आलेला शिवप्पाच पहिल्यांदा डोलायला लागला.

"मास्तर, गुडघं नवं आलं बगा!"

"मग हलीव की!"

नवरदेव घोड्यावरनं उतरला. व्याह्यांनी टोपी शेजाऱ्याच्या हातात दिली आणि मुहूर्ताचं नाव घेतलं नाही. नवरीनं बाहेर यायचं नसतं, म्हणून करिश्मा उंबऱ्याच्या आतच उभी राहून बांगड्या वाजवायला लागली. तारामतीनं सगळ्यांना चहा फिरवला. दोन कप टेम्पोच्या तोंडापुढंही ठेवले. शिरस्ता म्हणजे शिरस्ता.

पडद्यावरचे मास्तर मिशी पुसून उठले. खरे मास्तर त्यांच्याकडं पाठ करूनच वाजवत होते, पण आपण केव्हा उठतो, केव्हा श्वास भरतो ते त्यांच्या हाडात होतं. त्यांनी मागं न बघता काडीचा हात वर केला. त्याच हातावर क्लॅरिनेट सुरू झाली. पाठीमागं तिशीतले लिंबाजी, पुढं पांढऱ्या डोक्याचे लिंबाजी, आणि परण्या मारुतीकडं निघाला. उंबऱ्यातनं करिश्मा ओरडली, "आज्जा! सावकाश चाला!" मास्तर सावकाश कसले चालतायत. पार देवळाच्या पायरीपर्यंत नाचतच गेले.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तेव्हा मास्तर घामानं थबथबलेले तारामतीपाशी आले. "मग? बगितलंस?" अंगात अजून हलगी वाजत होती.

तारामतीनं त्यांच्या ताटात जिलेबी वाढली, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बगितलं. त्यो तुमच्यापरीस देखणा हाय, ह्यात खोटं न्हाय, आन म्या बगून हसणार बी. पर एकदा बसला की परण्या खोळंबला तरी त्यो उठत न्हाय. तुमी उठलात. म्हणून घरात तुमी, टेम्पोवर त्यो. पुन्यांदा रुसलात, तर दोघांची जागा बदलून टाकीन!"