किसानच्या बहिणीचं बारसं

भाऊ उमेंद्रच्या पोरीचं बारसं, आणि माह्या कानातली मशीन सकाळीच मुकी झाली. आता बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्याच ना. आणि आत्या मी एकटीच.

पण भावजय शामकला आधीच धसका घेऊन बसलेली. तिच्या मोठ्या पोराच्या बारशाले माह्याजवळ मशीनच नव्हती. उमेंद्र 'ईशान' म्हणाला, मले 'किसान' ऐकू आलं, आणि तेच मी पाळण्यात सांगून टाकलं. अंगणवाडीत पोरगा ईशान आहे, गावात किसान. काय वाईट नाव आहे? पण शामकलानं ते एकदाही तोंडातून काढलं नाही.

ओठ वाचता येतात मले. शामकला म्हणत होती, "बाई, राहू द्या. दीप्ती सांगन नाव." दीप्ती म्हणजे तिची बहीण.

"मावशी काऊन सांगन?" माह्या डोक्यात तिडीक गेली. मशीन घेऊन मी मागच्या अंगणात गेली.

खटका चालूच होता. नव्या बॅटरीचा चिकट कागद सोलला, तिले जरा हवा लागू दिली, मग बसवली. तरी ढिम्म. तेव्हा आठवलं. बारसं म्हणून कानात बसणारा साचा काढून धुतला होता, आणि घाईत ओलाच जोडला. साच्याची नळी उजेडाकडे धरली तर आत पाण्याचा थेंब, ऐटीत बसलेला. "मुडद्या, आजच भेटली का तुले जागा?"

साचा परत सुटा केला. बाळाचं नाक साफ करायचा नवाकोरा रबरी फुगा पडून होता, त्यानं नळीत हवा मारली. थेंब उडाला. साचा पुसला, जोडला, मशीन मुठीत धरली, तर कुईं करून शिट्टी वाजली, म्हणजे मशीन चालू झाली. एरवी त्या शिट्टीचा मले राग येते, आज तिचा मुका घ्यावासा वाटला.

आत आली तर शामकला मागून दीप्तीले कुजबुजली, "पाहाय, बाई आताही भलतंच सांगन."

"ऐकून राहिली मी," म्हणलं. तिनं जीभ चावली.

उमेंद्र सवयीनं कानाशी ओरडला, "तन्वी."

"ओरडू नको. सकाळी होती बहिरी."

पाळण्यात वाकली तर बाळाचा श्वास ऐकू आला, बारीकसा. माह्या डोळ्यांत पाणीच आलं. कुर्रर्र करून म्हणलं, "तन्वी." बायांनी रीतीप्रमाणं पाठीत असे धपाटे घातले की मशीन कानातून निसटून पाळण्याखाली गेली.

शामकला हसत सुटली. "अरे किसान, आत्याची मशीन उचल."

पोरानं आणून दिली. मी ती पुसून कानात बसवली. "काय म्हणली, शामकला? मशीन नव्हती कानात."

मले ओठ वाचता येतात हे तिले चांगलं माहीत आहे. तरी साऱ्या बायांदेखत ती परत म्हणाली, "किसान."