पायाशी ठेवलेला गोटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. उघडा राहिलो की माझा जीव वरखाली होतो. त्याला मी काय करू? माझ्या बिजागरीत स्प्रिंगच तशी बसवली आहे.

माझा जन्म मलकापूरच्या एका वर्कशॉपमधला. फौजेतून निवृत्त झालेल्या आकारामांनी उसाच्या रानात बंगला बांधला आणि पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव केला. परवानगीसाठी पाहणीला आलेल्या साहेबांनी बजावलं, तलावाला चहूबाजूंनी कुंपण हवं. दरवाजा घराकडे उघडणारा, सोडला की आपोआप मिटणारा हवा, आणि कडी लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतकी वर. म्हणून मी आलो. खट्कन मिटून दाखवलं, तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पण मी नेमका घराच्या दारासमोर आलो. दिवेलागणीला आकारामांच्या पत्नी चंद्राबाई मला सताड उघडायच्या आणि पायाशी एक गोटा लावायच्या.

"तिन्हीसांजेला दार लावू न्हाई. लक्ष्मी माघारी जाती."

"अगं, ते घराचं दार न्हाई, पाण्याचं हाय!" आकाराम कुरकुरायचे.

"आवं, दिवा लावून हुईस्तोवर तरी ऱ्हाऊ द्या."

दिवा लागायचा, गोटा मात्र तिथेच राहून जायचा. मी बापडा त्याला रेटत बसायचो.

एका संध्याकाळी त्यांची छोटी नात संयोगिता एकटीच अंगणात आली. आदल्या दिवशी तिच्या बाबांनी तिला पाण्यात खडे टाकून दाखवले होते. "डुबुक! डुबुक!" म्हणत ती थेट माझ्याकडे निघाली. चंद्राबाई आत वाती वळत होत्या. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मी नुसता करकरलो.

ती थांबली. तिला पाण्यात टाकायला दगड हवा होता, आणि माझ्या पायाशी चांगला गुळगुळीत गोटा होता. तिने तो दोन्ही हातांनी मागे ओढला.

खट्!

पाणी माझ्या पाठीशी, ती घराच्या बाजूला. रागाने तिने मला बुक्क्या मारल्या आणि भोकाड पसरलं. चंद्राबाई धावत आल्या. त्यांनी गोटा पाहिला, माझ्यामागचं पाणी पाहिलं आणि नातीला पोटाशी धरलं.

"माजी लक्ष्मी तर अंगणातच हुती. अन् मीच तिला पाण्याची वाट उघडून दिली!"

आता त्या आधी माझी कडी बघतात, मग दिवा लावतात. पण सुट्टीचे पाहुणे येतात. "ऱ्हाऊ दे रं गड्या, लगेच माघारी यायचंय," म्हणत कुणीतरी मला चप्पल अडकवतं, आणि पुन्हा माझा जीव वरखाली होतो.

मित्रांनो, मला मिटू द्या. तो 'खट्' ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळीच मुलं दगड उचलायला थांबत नाहीत.