माणूस वर आहे

उन्नतीने वहीत चार रकाने पाडले होते: वीज गेली कधी, आली कधी, शेजारच्या धनेशकाकांकडे होती का, आणि हवा कशी होती. बीएस्सी झालेल्या मुलीचं ‘जाते अधूनमधून’ एवढ्यावर समाधान होत नव्हतं. उरणजवळच्या त्यांच्या गावात पावसाळ्यात वीज जाणं नवं नव्हतं. पण ही जायची फेब्रुवारीत, कोरड्या हवेत, दुपारी सव्वातीन ते साडेचारच्या मधे. तक्रार केली की उत्तर यायचं, आपल्या भागात बिघाड नाही. बारा नोंदी झाल्या आणि तिसरा रकाना बोलू लागला. बाराही वेळा धनेशकाकांचा पंखा फिरत होता.

म्हणजे बिघाड बाहेर नव्हता, घरातच होता.

तेराव्या वेळी पंखा थांबला तशी ती पडवीत आली. जुन्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचा मोठा फ्यूज असायचा, ज्याला सगळे किटकॅट म्हणतात. त्याची जागा रिकामी होती. समोर खुर्चीत तिचे आजोबा, आबा, बसले होते, नजर गल्लीतल्या खांबावर आणि हात सदऱ्याच्या खिशावर. उन्नती दाराआड थांबून राहिली. अर्ध्या तासाने आबांची मान कलली. मग आजी, विमलबाई, पावलं न वाजवता आली, दोन बोटांनी त्यांच्या खिशातून किटकॅट काढला, पदराने पुसला आणि जागच्या जागी दाबला. आत पंखा फिरू लागला. वळली तर समोर नात.

“कुनाला सांगू नको,” आजी म्हणाली.

आबा, म्हणजे गोटीराम, एकतीस वर्षं विजेच्या खात्यात लाइनमन होते. तेव्हा कामाला दोघांची जोडी असायची. एक जण खांबावर चढायचा, दुसरा खाली फ्यूज काढून खिशात ठेवायचा. खिशात अशासाठी, की मधेच कुणा उतावळ्याने तो परत बसवू नये. वरच्याने खाली येऊन, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचं नाव घेऊन ‘उतरलो’ म्हटल्याशिवाय तो खिशातून निघत नसे. साहेबाने सांगितलं तरी नाही. गेल्या वर्षापासून आबांची आठवण उसवत चालली होती. नातीचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. हे काम मात्र हातात तसंच शिल्लक होतं. रोज दुपारी त्यांच्या लेखी कुणीतरी वर चढलेलं असायचं.

एवढ्याशा घरात असं गुपित किती टिकणार? शनिवारी उन्नतीचे पप्पा, हितेश, घरी होते आणि त्यांनी आबांना फ्यूज काढताना पाहिलं. ते चिडले नाहीत, घाबरले. द्रोणागिरीच्या गोदामात ते सुपरवायझर होते, धोक्याची जागा दिसली की कुलूप घालायची त्यांची सवय. उद्या हात भाजला तर, म्हणाले. संध्याकाळीच त्यांनी बोर्डाला झाकण बसवून कुलूप लावलं. नवा बोर्ड, नवा मीटर, सगळ्याचा अर्ज सोमवारी भरायचं ठरलं.

रविवारी सव्वातीनला आबा झाकणापुढे उभे राहिले. आधी नखांनी उचकटून पाहिलं, मग तळव्यांनी मारू लागले. मग अनवाणी गल्लीत धावले आणि रिकाम्या खांबाकडे मान वर करून ओरडत राहिले की तारेला हात लावू नको, लाइन चालू हाय. तासभर कुणालाच त्यांना आत आणता येईना. शेवटी हितेशनेच झाकण उखडून काढलं. रात्री आबांच्या सुजलेल्या हातांना तेल लावताना ते मुलीला एवढंच म्हणाले की अर्ज राहू दे, पण यांच्या मनातला माणूस खाली आणायचा कसा, ते तू सांग.

सोमवारी उन्नतीने प्रयत्न केला. आबांसमोर बसून तिने सांगितलं की सगळे उतरलेत, आता फ्यूज द्या.

आबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. “तू चढलेलीस?”

“नाही.”

“मग तुला काय ठाव?”

कॉलेजात उन्नतीला तीन वर्षं हेच शिकवलं होतं, आपण न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगायचं नाही. मग तिने विचारलं, वर कोण आहे.

“शिवराम,” आबा म्हणाले.

आबांच्या जोडीचे शिवराम उरणातच मुलाकडे राहत होते. शहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. बुधवारी उन्नतीने त्यांना रिक्षाने आणलं. ते काठी टेकत मित्रासमोर उभे राहिले, तर आबांनी त्यांना हाताने अदबीने बाजूला केलं. म्हणाले, जरा सरका बाबा, वर आमचा मानूस हाय, दिसत नाय मना.

शिवरामांचा चेहरा उतरला. पण त्यांनी ओळख पटवायची खटपट केली नाही. एकेक पाऊल टाकत ते खांबापाशी गेले, त्यावर तळवा ठेवला, घराकडे पाठ केली आणि हाक दिली. म्हाताऱ्याच्या छातीतून एवढा आवाज निघेल असं उन्नतीला वाटलं नव्हतं.

“गोट्या, मी शिवराम. उतरलो. लाइन सोड.”

आबा तडक उठले. खिशातला किटकॅट त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, मग पायरीपर्यंत आले आणि तिथूनच विचारलं, “लागला नाय ना कुठं?”

“नाय रे,” शिवराम पाठमोरेच म्हणाले आणि गमछ्याने डोळे पुसत राहिले.

रोज येणं त्यांना जमणारं नव्हतं. जाताना त्यांनी फोन नंबर दिला, बोलेन म्हणाले.

गुरुवारी तीन वीसला पंखा थांबला. उन्नतीने फोन लावला. शिवराम ‘थांब’ म्हणाले आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग काठीचे ठोके, मधे लांब शांतता, पुन्हा ठोके. दोन मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. बरं वाटत नाहीये का, असं तिने घाबरून विचारलं.

“माळ्याची शिडी चढून आलो, चार पायऱ्या,” ते म्हणाले. “न चढता उतरलो म्हनायचं नसतं, पोरी. दे त्याला फोन.”

उन्नतीने फोन आबांच्या कानाला लावला.